पीडीओचं ‘ट्रू’ कितपत खरं?

मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलायला वेबसाइट बनवायच्या पीएचपी भाषेत आज दोन रस्ते आहेत : पीडीओ (पीएचपी डेटा ऑब्जेक्ट्स) आणि मायएसक्यूएलआय. तिसरा रस्ता जुन्या फंक्शनांचा होता. तो पीएचपी ५.५ मध्ये कालबाह्य ठरला आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून उखडूनच टाकला. पीडीओ ५.१ पासून, म्हणजे २००५ पासून, पीएचपीबरोबरच येतं, वेगळे पैसे नाहीत. डेटाबेस बदलला तरी फंक्शनं तीच राहतात, प्लेसहोल्डर (मूल्यांसाठी सोडलेल्या जागा) सुटसुटीत आहेत, हे कौतुक पुष्कळ झालंय. इथे त्याला एकाच दगडावर घासून बघायचंय : क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) पाठवली, ती झाली की नाही हे पीडीओ सरळ सांगतं का?

सांगतं, पण जेवढं विचाराल तेवढंच. ‘झाली का’ हा प्रश्न दिसायला एक, पोटात तीन. सर्व्हरने विधान स्वीकारलं का? टेबलातल्या जितक्या रोंना (ओळींना) हात लागायला हवा होता तितक्यांना लागला का? आणि झालेला बदल टिकला का? पहिल्या प्रश्नात पीडीओ हल्ली पैकीच्या पैकी मार्क घेतं. दुसऱ्यात मायएसक्यूएलसोबत काठावर पास. तिसऱ्यात बराचसा पेपर तुम्हालाच सोडवायला लावतं.

एरर मोड

पीडीओचे तीन मोड : सायलेंट (गप्प), वॉर्निंग (इशारा देऊन पुढे), एक्सेप्शन (चूक फेकून काम थांबवणारा). नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० येईपर्यंत डीफॉल्ट सायलेंट होता. टेबलाचं नाव चुकलं, कॉलमच नाही, सर्व्हरने तोंडावर नकार दिला, तरी स्क्रीनवर चकार शब्द नाही. क्वेरी चालवणारं एक्झिक्यूट हे फंक्शन फॉल्स (नाही झालं; झालं तर ट्रू) देऊन गप्प. ते फॉल्स कोणी तपासलंच नाही तर पुढचा कोड ‘नोंदणी यशस्वी’चा हिरवा पट्टा दाखवून मोकळा. ८.० पासून डीफॉल्ट एक्सेप्शन झाला. पीडीओत गेल्या वीस वर्षांत झालेला हा सर्वांत कामाचा बदल, आणि तो पंधरा वर्षं आधी व्हायला हवा होता.

तरी मोड कोडमध्ये स्वतः लिहाच. शेअर्ड होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधून पीएचपी परत ७.४ वर नेणं हे दोन क्लिकचं काम आहे, आणि एखादं जुनं प्लगइन चालावं म्हणून कोणीतरी ते करतंच. मोड लिहिलेला नसेल तर त्या क्षणापासून सगळ्या एरर मुक्या होतात, आणि साइट मात्र वरवर छान चालताना दिसते.

कनेक्शनचं वेगळं आहे. मोड कुठलाही असो, कनेक्शन जुळलं नाही तर कन्स्ट्रक्टर (पीडीओचं ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) नेहमी एक्सेप्शनच फेकतो. तो पकडला नाही आणि डिस्प्ले एरर्स (चुका पानावर दाखवण्याची सेटिंग) चालू राहिलं, तर स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठून आली याच्या यादीत) कन्स्ट्रक्टरला दिलेली मूल्यं, म्हणजे पासवर्डसुद्धा, पानावर छापली जाऊ शकतात. ८.२ पासून पीएचपी पासवर्ड झाकतं. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर लाइव्ह सर्व्हरवर डिस्प्ले एरर्स बंद आणि लॉग एरर्स चालू, यात तडजोड नको. ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ असं आलं तर पासवर्डात चूक शोधत बसू नका. पीएचपीत पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हरच चालू केलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एक्सेप्शन मोडचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो प्रत्येक क्वेरीभोवती ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडायची रचना) घालून कॅचमध्ये नुसता मेसेज एको करण्यात, म्हणजे पानावर छापण्यात. याने दोन्हीकडून नुकसान होतं : वापरणाऱ्याला टेबलांची नावं वाचायला मिळतात, आणि कोड चूक गिळून पुढच्या ओळीवर चालू लागतो. म्हणजे घासाघीस करून घालवलेला सायलेंट मोडच परत. कॅच तिथेच लिहा जिथे त्या चुकीवर काहीतरी करता येतं : डुप्लिकेट आला तर फॉर्मवर सांगणं, डेडलॉक (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकणं) झाला तर पुन्हा प्रयत्न करणं. बाकीचे एक्सेप्शन वर जाऊ द्या. सगळ्यात वर एकच हँडलर ठेवा, तो लॉगमध्ये पूर्ण तपशील लिहील आणि पानावर साधा निरोप दाखवेल.

जुन्या प्रोजेक्टात सायलेंट मोड लगेच बदलणं शक्य नसेल तर एक खाचखळगा ध्यानात ठेवा. एररइन्फो (एररचा तपशील) दोन ठिकाणी असतं : कनेक्शनच्या ऑब्जेक्टवर आणि स्टेटमेंटच्या ऑब्जेक्टवर. प्रिपेअर (आधी तयार) करून एक्झिक्यूट केलेल्या विधानाची चूक स्टेटमेंटकडे असते. ती कनेक्शनकडे विचारली की उत्तर येतं ००००० , म्हणजे ‘सगळं ठीक’. एक्झिक्यूट फॉल्स, आणि एररकोड पाच शून्यं! अशी विसंगती दिसली की समजायचं, विचारणा चुकीच्या दारावर झालीय.

कोड वाचायचा, मेसेज नाही

एक्सेप्शन आला की त्यात तीन गोष्टी असतात : पाच अक्षरी एसक्यूएलस्टेट (सगळ्या डेटाबेसना सामायिक एरर कोड), डेटाबेसचा स्वतःचा एरर नंबर, आणि मेसेज. गेटकोड यातला एसक्यूएलस्टेट देतो, आणि तो स्ट्रिंग (मजकूर) असतो. त्यामुळे गेटकोड === २३००० अशी तुलना (=== म्हणजे किंमत आणि प्रकार दोन्ही जुळायला हवेत) कधीच जुळत नाही; २३००० अवतरणात हवा. कनेक्शनच्या चुकीत मात्र गेटकोड १०४५ किंवा २००२ असा मायएसक्यूएलचा नंबर देतो, तोही आकडा म्हणून. हा दुटप्पीपणा पीडीओच्या खात्यावर उधारच मांडायला हवा.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मायएसक्यूएलचा २३००० हा मोघम असतो. ईमेल आधीच नोंदलेला आहे (१०६२), नॉट नल (रिकामा चालत नाही अशा) कॉलमात नल आला (१०४८), फॉरेन कीचा (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमचा) मूळ रो सापडत नाही (१४५२), मुलं असलेला रो डिलीट करायला गेलात (१४५१) : चारही चुका २३००० याच नावाने येतात. नुसता २३००० बघून ‘हा ईमेल आधीच वापरात आहे’ असा निरोप देणारे फॉर्म जागोजागी सापडतात. खरी चूक असते शहराचा आयडी नसल्याची, आणि बिचारा वापरणारा ईमेल बदलून बदलून थकतो. एररइन्फोचा दुसरा घटक, म्हणजे इंडेक्स १, घ्या आणि तो १०६२ आहे का ते बघा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस याबाबतीत शिस्तीचा : युनिकला २३५०५, फॉरेन कीला २३५०३, नॉट नलला २३५०२, सगळं एसक्यूएलस्टेटमध्येच वेगवेगळं.

मेसेजमधून की-चं नाव कापून काढायचा मोह टाळा. मायएसक्यूएल ८.०.१९ पासून डुप्लिकेट एन्ट्रीच्या मेसेजमध्ये की-च्या नावाआधी टेबलाचं नावही येऊ लागलं, आणि स्ट्रिंग जुळवत बसलेला कोड अपग्रेडच्या रात्री कोसळला.

आणखी एक. ईमेल आहे का हे आधी सिलेक्टने बघून मग इन्सर्ट करणं पुरेसं नाही. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांच्याही सिलेक्टला ‘नाही’ मिळतं. कॉलमवर युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा नाकारणारा) ठेवा, थेट इन्सर्ट करा आणि १०६२ पकडा. यात एक क्वेरी वाचते ती वेगळीच. फेल झालेला इन्सर्टही ऑटो इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या आयडीचा) एक नंबर खातो, हे मात्र हिशोबात धरा. पावती क्रमांक सलग हवे असतील तर ऑटो इन्क्रिमेंटवर विसंबू नका.

रो काउंट : इथे सगळे घसरतात

आता दुसरा प्रश्न. अपडेट चालला, एक्झिक्यूट ट्रू आलं. वेअरमध्ये (क्वेरीतल्या अटीत) दिलेला आयडी टेबलात नसला तरीही ट्रूच येतं, कारण शून्य रो बदलणं ही सर्व्हरच्या लेखी चूक नाही. म्हणून रो काउंट, म्हणजे रोंचा आकडा, बघायचा. आणि इथे मायएसक्यूएलची खोड आडवी येते : डीफॉल्टने तो किती रो सापडले ते सांगत नाही, किती रो खरोखर बदलले ते सांगतो. ग्राहकाचा फोन आधीच तोच आहे आणि वापरणाऱ्याने न बदलता ‘सेव्ह’ दाबलं, तर रो काउंट ०. ग्राहक टेबलातच नसेल, तरीही रो काउंट ०. दोन वेगळ्या गोष्टी, उत्तर एकच. कोड मग ‘अपडेट अयशस्वी’ म्हणतो, माणूस पुन्हा सेव्ह दाबतो, पुन्हा तेच, आणि सपोर्टचा फोन वाजायला लागतो.

उपाय पीडीओतच आहे, फक्त दडलेला. कनेक्शन बनवताना मायएसक्यूएलचा फाउंड रोज हा पर्याय ट्रू करायचा. मग रो काउंट सापडलेले रो मोजतो आणि ० चा अर्थ एकच उरतो : असा रो नाही. हा पर्याय कनेक्शनच्या वेळीच द्यावा लागतो, नंतर देऊन उपयोग नाही. आणि चालू प्रोजेक्टात तो अचानक लावू नका. ‘बदल झाला असेल तरच ईमेल पाठव’ अशा जागा रो काउंटवर उभ्या असतात, त्या सगळ्यांचं उत्तर बदलतं.

सापडलेले आणि बदललेले यांत फरकच पडणार नाही अशी क्वेरी लिहिता आली तर उत्तमच. शिल्लक कमी करायचं उदाहरण घ्या : ‘साठा = साठा − १, जिथे आयडी हा आणि साठा > ०’. ही क्वेरी लागू पडली तर किंमत बदलतेच. रो काउंट === १ म्हणजे माल मिळाला, ० म्हणजे संपला. आधी साठा वाचून, पीएचपीत वजा करून, मग परत लिहिणाऱ्या कोडपेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण दोन गिऱ्हाइकं एकाच शेवटच्या नगावर आली तरी एकालाच १ मिळतो.

‘असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट’ करणाऱ्या ऑन डुप्लिकेट की अपडेटचे आकडे पाठच करा : नवा रो घातला तर १, जुना बदलला तर २, जुना होता तसाच राहिला तर ०. फाउंड रोज लावलं असेल तर हा शेवटचा ० सुद्धा १ होतो, आणि मग १ वरून नवा की जुना हे ओळखता येत नाही. रिप्लेसही एक जुना रो काढून नवा घातला की २ सांगतो. इथे ‘=== १ म्हणजे यश’ असं लिहिलं असेल तर कोड चुकलाच.

एक्झेक नावाचं फंक्शन किती रो बदलले तो आकडा देतं, चूक झाली तर (सायलेंट मोडमध्ये) फॉल्स. पीएचपीत ० आणि फॉल्स सैल तुलनेत सारखेच. क्रिएट टेबल यशस्वी झालं तरी एक्झेक ० देतं. त्यावर ‘नॉट’ लावून एरर दाखवणारा कोड टेबल बनवूनही ‘टेबल बनलं नाही’ म्हणून रडतो. === फॉल्स लिहा, नाहीतर एक्सेप्शन मोड ठेवून तुलनाच काढून टाका.

सिलेक्टसाठी रो काउंट वापरू नका. मायएसक्यूएलवर बफर्ड (निकाल आधीच पूर्ण आणून ठेवणाऱ्या) क्वेरीत तो नीट आकडा देतो म्हणून सवय लागते, आणि टेस्टसाठी एसक्यूएलाइट (फाइलमधला छोटा डेटाबेस) लावलं की तिथे ० येतो. रो मिळाला का हे फेचने (रो उचलणाऱ्या फंक्शनने) ठरवा : रो नसेल तर फॉल्स. फेचकॉलमची मेख अशी की रो नसला तरी फॉल्स आणि कॉलमची किंमतच फॉल्स असली तरी फॉल्स; बूलियन कॉलमसाठी तो टाळावा. रिकामा निकाल म्हणजे चूक नव्हे, हे तर उघडच आहे.

लास्ट इन्सर्ट आयडी (नुकत्याच घातलेल्या रोचा आयडी) हा यशाचा पुरावा म्हणून वापरला जातो. तो इन्सर्टच्या लगेच पुढच्या ओळीत घ्या. मध्ये दुसरी क्वेरी किंवा कमिट (बदल पक्का करणं) झालं की मायएसक्यूएलवर ० हाती येतो. एकाच इन्सर्टमध्ये दहा रो घातले असतील तर आयडी पहिल्या रोचा मिळतो, शेवटच्याचा नाही.

ट्रू आलं, रो काउंट १ आला, तरी डेटा चुकला

टेबलात नावाचा कॉलम व्हारकॅर १०, म्हणजे जास्तीत जास्त दहा चिन्हं. नाव आलं ‘लक्ष्मीनारायण’. वाचताना सहा अक्षरं, पण डेटाबेस मोजतो युनिकोडची चिन्हं : हलन्त, काना, वेलांटी सगळी सुटी. होतात तेरा. मायएसक्यूएल स्ट्रिक्ट (चुकीचा डेटा नाकारणाऱ्या) मोडमध्ये असेल तर १४०६, ‘डेटा टू लाँग’, आणि एक्सेप्शन. स्ट्रिक्ट नसेल तर टेबलात ‘लक्ष्मीनार’ एवढंच जातं, एक्झिक्यूट ट्रू, रो काउंट १. सर्व्हरने वॉर्निंग दिलेली असते, पण पीडीओ ती आपणहून पुढे करत नाही. लगेच ‘शो वॉर्निंग्ज’ चालवलं तरच दिसते. पीएचपी ८.४ मध्ये मायएसक्यूएलसाठी पीडीओचा वेगळा क्लास आला, त्यात वॉर्निंगची संख्या विचारायची सोय आहे. उशिरा का होईना.

स्ट्रिक्ट मोड मायएसक्यूएल ५.७ पासून आणि मारियाडीबी (मायएसक्यूएलचं भावंड) १०.२.४ पासून डीफॉल्ट आहे, पण जुनी साइट चालावी म्हणून तो बंद केलेले सर्व्हर काही कमी नाहीत. ‘सिलेक्ट @@एसक्यूएल_मोड’ चालवून बघा. यादीत स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स दिसलं पाहिजे. सर्व्हर तुमच्या हातात नसेल तर कनेक्शनच्या इनिट कमांडमधून (जुळताच चालणाऱ्या विधानातून) तुमच्या सेशनपुरता लावता येतो.

कॅरेक्टर सेटची गोष्ट याच जातीची. कॉलम लॅटिन१ (रोमन लिपीपुरता) आणि स्ट्रिक्ट मोड बंद असला की मराठी नावाच्या जागी तितकीच प्रश्नचिन्हं बसतात, आणि क्वेरी ‘यशस्वी’ असते. ती चिन्हं परत नावात बदलता येत नाहीत, मूळ डेटा गेलेला असतो. डीएसएनमध्ये (कनेक्शनच्या पत्त्यात) यूटीएफ८एमबी४ आणि टेबलही यूटीएफ८एमबी४, दोन्ही हवं. नुसत्या यूटीएफ८वर देवनागरी निभावते, कारण तिचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावतं; इमोजीला चार लागतात, तिथे १३६६ येतो.

इन्सर्ट इग्नोर तर सरळ बंदच करा. लोकांना वाटतं तो फक्त डुप्लिकेट सोडून देतो. तो नलची, फॉरेन कीची, लांबीची चूकसुद्धा वॉर्निंगवर उतरवतो, स्ट्रिक्ट मोड असूनही. एक्सेप्शन मोड लावायचा आणि इन्सर्ट इग्नोर लिहायचं, म्हणजे पहारेकरी ठेवून त्याच्या कानात कापूस घालायचा.

टिकलं का?

ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळं होईल किंवा काहीच नाही अशी विधानांची गाठ. बिगिन ट्रान्झॅक्शन, दोन इन्सर्ट, आणि कमिट विसरलं. दोन्ही एक्झिक्यूट ट्रू, रो काउंट १, लास्ट इन्सर्ट आयडीही खराखुरा. स्क्रिप्ट संपते, पीडीओ अर्धवट ट्रान्झॅक्शन आपोआप रोलबॅक करतं, म्हणजे मागे घेतं, टेबल रिकामं. एरर कुठेच नाही, कारण कोणीच चूक केलेली नाही. खूण एकच मिळते : पुढच्या खऱ्या रोच्या आयडीत मध्ये खिंडार. मधेच रिटर्न किंवा एक्झिट लिहिलेलं असतं तिथे हे हमखास होतं.

सांगाडा ठरलेला आहे : बिगिन ट्रायच्या आधी, सगळी विधानं आणि शेवटी कमिट ट्रायच्या आत, कॅचमध्ये थ्रोएबल (कुठलीही चूक) पकडून, ट्रान्झॅक्शन चालू असेल तर रोलबॅक, आणि तोच एक्सेप्शन पुन्हा वर फेकणं. फक्त पीडीओएक्सेप्शन पकडलात तर मधल्या पीएचपीच्या टाइपएररला रोलबॅक मिळत नाही. वर फेकायचं विसरलात तर बाहेरच्या कोडला सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं.

ट्रान्झॅक्शनच्या मध्ये ऑल्टर टेबल किंवा क्रिएट टेबल आलं की मायएसक्यूएल तिथवरचं सगळं न विचारता कमिट करतो. पीएचपी ७ पर्यंत पुढचं कमिट निमूट ट्रू द्यायचं, ८.० पासून ‘देअर इज नो ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन’ असा एक्सेप्शन येतो. अपग्रेडनंतर मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी) स्क्रिप्ट मोडल्याची तक्रार बहुधा हीच असते. पीडीओने त्यात काही बिघडवलेलं नाही, झाकलेलं उघडं केलंय. टेबल मायआयसॅम या ट्रान्झॅक्शन न पाळणाऱ्या इंजिनाचं असेल तर रोलबॅक करूनही डेटा तिथेच राहतो. ‘शो टेबल स्टेटस’मध्ये इंजिन इनोडीबी आहे ना, हे बघून घ्या.

डेडलॉक (१२१३, एसक्यूएलस्टेट ४०००१) आला तर इनोडीबी पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतो. लॉक वेट टाइमआउट (१२०५, डीफॉल्ट ५० सेकंद) आला तर डीफॉल्टने फक्त तेवढं एक विधान मागे जातं, बाकीचं ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. हा फरक महागात पडतो. डेडलॉक पकडून कोड पुढच्या विधानावर गेला, तर ट्रान्झॅक्शन केव्हाच संपलेलं असतं आणि पुढची विधानं ऑटोकमिटमध्ये एकेकटी सेव्ह होत जातात : पैसे जमा झालेत, नावे पडलेलेच नाहीत. दोन्ही चुकांवर एकच वागणूक ठेवा. रोलबॅक, थोडा कमीजास्त विराम, आणि बिगिनपासून सगळं पुन्हा, दोन-तीन वेळा. त्यातलं एकच विधान पुन्हा चालवणं चुकीचं.

आणि एक प्रसंग असा की त्यात पीडीओच काय, कोणीच उत्तर देऊ शकत नाही. कमिट सर्व्हरकडे गेलं, आणि त्याचं उत्तर यायच्या आत लाइन तुटली. कनेक्शन तुटल्याचा एरर नंबर २००६ किंवा २०१३ आला. कमिट झालंही असेल, नसेलही. आंधळेपणाने पुन्हा चालवाल तर पैसे दोनदा जमा. यासाठी प्रत्येक व्यवहाराला ॲपमध्येच एक संदर्भ क्रमांक द्यायचा आणि त्याच्या कॉलमवर युनिक इंडेक्स ठेवायचा. मग पुन्हा चालवल्यावर १०६२ आला तर ती आनंदाची बातमी : पहिलं झालेलं होतं.

प्रिपेअरचं नाटक

मायएसक्यूएल ड्रायव्हरमध्ये इम्युलेटेड प्रिपेअर डीफॉल्टने चालू असतं. म्हणजे प्रिपेअर सर्व्हरपर्यंत जातच नाही, पीडीओ स्वतःच मूल्यं घालून पूर्ण क्वेरी पाठवतं. टेबलाचं नाव चुकलं असलं तरी प्रिपेअर पास, चूक एक्झिक्यूटला. लिमिटची (किती रो हवेत त्याची) किंमत एक्झिक्यूटच्या ॲरेतून दिली की ती अवतरणात जाते आणि १०६४ (वाक्यरचनेची चूक) येतो. इम्युलेशन बंद केलं की चूक जिथे झाली तिथेच, प्रिपेअरला, कळते. फक्त एकच नाव दिलेला प्लेसहोल्डर क्वेरीत दोनदा वापरता येत नाही, एचवाय०९३ येतो. नावं वेगळी करायची.

इम्युलेशनसोबत अर्धविराम देऊन एका हाकेत तीन विधानंही पाठवता येतात. पहिलं चाललं की क्वेरी फंक्शन खूश. दुसऱ्यातली चूक नेक्स्टरोसेट (पुढच्या विधानाचा निकाल घेणं) करत पुढे गेल्याशिवाय समोर येत नाही. मल्टी स्टेटमेंट्स हा पर्याय फॉल्स करा आणि एका हाकेत एकच विधान ठेवा. मायएसक्यूएलआयचं मल्टी क्वेरीही फक्त पहिल्या विधानापुरतंच बोलतं, तेव्हा तिकडे पळूनही सुटका नाही.

मायएसक्यूएलआय घ्यावं का?

फक्त मायएसक्यूएलच वापरणार असाल तर या कसोटीवर ते दोन बाबतींत सरस आहे. त्याच्या इन्फोमध्ये ‘रोज मॅच्ड १, चेंज्ड ०, वॉर्निंग्ज ०’ अशी सरळ ओळ मिळते. सापडले किती आणि बदलले किती हे दोन्ही, कुठलाही पर्याय न लावता. वॉर्निंगची संख्याही आधीपासून मिळते. उणी बाजू : एक्सेप्शन डीफॉल्ट झाला तो ८.१ मध्ये, त्याआधी रिपोर्ट मोड हाताने लावावा लागतो. आणि चूक झाल्यावर अफेक्टेड रोज −१ देतं, जे इफमध्ये खरं धरलं जातं. ‘इफ अफेक्टेड रोज, तर यशस्वी’ असं लिहिलेला कोड फेल झालेल्या क्वेरीलाही पास करतो. > ० लिहा.

पीडीओ घेऊन एसक्यूएलाइटवर जाणार असाल तर तिथे फॉरेन की प्रत्येक कनेक्शनवर प्रॅग्मा नावाच्या विधानाने चालू करावी लागते, नाहीतर नसलेल्या ग्राहकाच्या नावे बिल फाडलं तरी ट्रू येतं. व्हारकॅरची लांबी तो मोजतच नाही. पूर्णांकाच्या कॉलमात ‘अकरा’ हा शब्द घातला तर तोही घेतो. नको असेल तर ३.३७ पासून मिळणारं स्ट्रिक्ट टेबल बनवा. पोस्टग्रेसवर ट्रान्झॅक्शनमध्ये एक विधान फेल झालं की पुढची सगळी २५पी०२ देत नाकारली जातात, आणि ते दुर्लक्षून कमिट पाठवलं तर सर्व्हर एरर न देता रोलबॅक करतो.

लाइव्ह करण्याआधी

टेस्ट सर्व्हरवर अर्धा तास काढा. एका टेबलाचं नाव बदला आणि फॉर्म भरा : पानावर साधा निरोप आणि लॉगमध्ये ११४६ (टेबल नाही) दिसला पाहिजे. नाव पूर्ववत करून तोच फॉर्म काही न बदलता दोनदा सेव्ह करा; दुसऱ्यांदा ‘अयशस्वी’ आलं तर फाउंड रोज राहिलंय. नावाच्या रकान्यात मर्यादेपेक्षा एक चिन्ह जास्त असलेलं मराठी नाव टाका. मग दोन अपडेटच्या मध्ये वीस सेकंदांचा स्लीप घालून पान चालवा, तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून ‘शो प्रोसेसलिस्ट’ बघा, त्या कनेक्शनचा आयडी शोधा आणि किल करा. पानावर हिरवा पट्टा आला, किंवा पहिला अपडेट टेबलात सापडला, तर बिगिन आणि कॅच पुन्हा एकदा ओळीने वाचायला घ्या.